गाडीतील कुलंटची गळती आणि दुरुस्तीचे एस्टिमेट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेट्रोल, सीएनजी किंवा डिझेलवर चालणाऱ्या खासगी मोटारींच्या मालकांसाठी ही माहिती आहे. इंजिन थंड ठेवणारे द्रव, म्हणजे कुलंट, नेमके कुठून जाते हे कळल्याशिवाय हातातले एस्टिमेट रास्त आहे की नाही हे ठरवता येत नाही. म्हणून आधी गळतीच्या शोधाबद्दलचे प्रश्न घेतले आहेत आणि पैशांचे प्रश्न नंतर येतात.

कुलंट काही महिन्यांनी थोडेफार कमी होतेच ना?

लक्षात येण्याइतके होत नाही. आजच्या गाड्यांमधील कूलिंग सिस्टिम बंद असते. इंजिन तापले की कुलंट प्रसरण पावून बॉनेटखालच्या कुलंटच्या टाकीत चढते आणि थंड झाले की परत खेचले जाते. त्यामुळे पातळी नेहमी सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना आणि गाडी सपाट जागेवर उभी असताना पाहावी. प्रवासाहून आल्याबरोबर पाहिलेली पातळी फसवी असते. टाकीवरील किमान आणि कमाल या दोन खुणांच्या मध्ये कुलंट जिथे असेल तिथे चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर तारीख लिहावी. महिनाभरात पातळी त्या पट्टीच्या स्पष्टपणे खाली गेली, तर गळती आहे असेच धरून चालावे. याला अपवाद एकच: कुलंट नुकतेच बदलले असेल, तर आत अडकलेली हवा पहिल्या काही फेऱ्यांत बाहेर पडते आणि पातळी एकदा खाली येते. ती भरून घेतल्यावर पुन्हा उतरता कामा नये.

गाडीखाली साचलेले पाणी कुलंटच आहे हे कसे ओळखावे?

पुढच्या डाव्या सीटच्या साधारण खाली पडणारे, रंग आणि वास नसलेले पाणी बहुतेक वेळा एसीचे असते. हवेतील बाष्पाचे एसीच्या थंड कॉइलवर पाणी होऊन ते खाली पडते, म्हणून मुंबई-कोकणच्या दमट हवेत ते नागपूरच्या उन्हाळ्यापेक्षा पुष्कळ जास्त दिसते. त्याची काळजी करण्याचे कारण नाही. कुलंट बोटांना किंचित बुळबुळीत लागते, त्याला गोडसर वास असतो आणि ते हिरवे, गुलाबी, नारिंगी किंवा निळे असते. मात्र पूर्वी कोणी नुसतेच पाणी भरत राहिले असेल, तर रंग इतका फिका पडलेला असतो की त्यावर भिस्त ठेवता येत नाही. अशा वेळी रात्रभर गाडीच्या पुढच्या भागाखाली पांढरा पुठ्ठा पसरून ठेवावा. डाग नेमका कुठे पडला हे त्यावरून कळते आणि मेकॅनिकला दाखवायला पुरावाही मिळतो.

चव घेऊन ओळखण्याचा सल्ला काही जण देतात. तो धोकादायक आहे. बहुतेक कुलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असते. ते गोड लागते, पण विषारी असते आणि मूत्रपिंडे निकामी करू शकते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये कुत्री-मांजरी ते चाटतात, म्हणून सांडलेले कुलंट मातीने किंवा भुशाने टिपून घ्यावे आणि ती जागा भरपूर पाण्याने धुवावी.

गळती कुठे आहे हे घरच्या घरी शोधता येते का?

बऱ्याच वेळा येते, आणि गॅरेजला जाण्याआधी ही तपासणी करून घेणे केव्हाही चांगले. इंजिन थंड असताना बॉनेट उघडून चांगल्या टॉर्चच्या उजेडात पाहावे. कुलंट वाळले की मागे पांढरट, हिरवट किंवा गुलाबी खपली राहते. ताज्या थेंबांपेक्षा ही खपली अधिक विश्वासार्ह असते, कारण थेंब वाहतो, पण खपली वाहत नाही.

पाहण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. रेडिएटरचे वरचे व खालचे होज पाइप आणि त्यांच्या टोकांच्या क्लिपा आधी पाहाव्यात. पाइप दाबून पाहिला असता रबर चिरलेले, फुगलेले किंवा कडक झालेले जाणवते. मग रेडिएटरच्या दोन्ही बाजू पाहाव्यात. आजकालच्या बहुतेक रेडिएटरची जाळी ॲल्युमिनियमची आणि टाक्या प्लॅस्टिकच्या असतात. दोन्ही जिथे दुमडून जोडलेले असतात त्या शिवणीतून पाझर सुरू होतो. त्यानंतर थर्मोस्टॅटचे (कुलंटचा प्रवाह तापमानानुसार उघडणाऱ्या-बंद करणाऱ्या भागाचे) हाउसिंग, म्हणजे कवच, पाहावे, कारण अनेक गाड्यांत तेही प्लॅस्टिकचे असते आणि वर्षानुवर्षांच्या उष्णतेने त्याला तडा जातो. वॉटर पंपाच्या खालच्या अंगाला एक छोटे छिद्र मुद्दाम ठेवलेले असते. आतील सील झिजले की कुलंट तिथून बाहेर येते, आणि त्या छिद्राखाली ओघळाची खूण दिसली तर पंपाचे दिवस भरले असे समजावे. पावसाळ्यात उंदीर बॉनेटखाली आसरा घेतात आणि पाइप कुरतडतात. दातांच्या खुणा सहज ओळखू येतात.

इथे एक घोटाळा हमखास होतो. कुलंट वरून खाली ओघळते आणि पंख्याच्या वाऱ्याने मागे उडते, त्यामुळे जिथे सर्वांत जास्त ओले दिसते तिथे गळती असतेच असे नाही. सर्वांत उंचावरची ओली जागा शोधावी. गळती फक्त थंड असताना होत असेल, तर संशय क्लिपांवर घ्यावा, कारण थंडीने जोड आकसतो. गाडी गरम झाल्यावरच होत असेल, तर दाबाखाली उघडणारा तडा असण्याची शक्यता जास्त असते.

खाली एक थेंबही पडत नाही, तरीही पातळी उतरते. असे कसे?

कुलंट जाण्याच्या अदृश्य वाटा तीन-चार आहेत. पहिली वाट केबिनच्या आतील हीटरच्या छोट्या रेडिएटरची. तो गळू लागला की आत गोडसर वास येतो, काचेवर पुसूनही न जाणारा तेलकट धुरकटपणा येतो आणि पुढच्या डाव्या बाजूचे कार्पेट ओले होते. एसीच्या पाण्याची नळी तुंबली तरी हेच कार्पेट भिजते, पण ते साधे पाणी असते. टिश्यू पेपर दाबून रंग आणि वास पाहिला की फरक कळतो. दुसरी वाट इंजिनातली: हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधील सील) गेले की कुलंट सिलिंडरमध्ये जाऊन जळते आणि पांढऱ्या धुराच्या रूपाने सायलेन्सरमधून बाहेर पडते. डिझेल गाड्यांत धुराचे गरम वायू थंड करणारा ईजीआर कुलरही आतून फुटतो आणि हुबेहूब हीच लक्षणे दाखवतो. तो न तपासता थेट हेड उघडण्याचा सल्ला मिळाला, तर थांबून विचारावे. उरलेली वाट अगदी साधी आहे, आणि ती म्हणजे रेडिएटरचे किंवा कुलंटच्या टाकीचे झाकण.

झाकणामुळे कुलंट जाऊ शकते?

जाऊ शकते, आणि ही सर्वांत स्वस्त दुरुस्ती असल्यामुळे आधी हीच तपासावी. झाकण हे दाब धरून ठेवणारे व्हॉल्व्ह असते, त्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा कोरलेला असतो, तो हा दाब. अर्धे पाणी आणि अर्धे ग्लायकॉल असलेले कुलंट उघड्यावर साधारण १०७ अंश सेल्सिअसला उकळते, तर १.१ बार दाबाखाली तेच १२५ अंशांच्या पुढे जाऊन उकळते. झाकणाचे रबर झिजले की दाब टिकत नाही, कुलंट लवकर उकळते आणि ओव्हरफ्लोच्या नळीतून वाफेसकट निघून जाते. बदलताना त्याच आकड्याचे झाकण घ्यावे. जास्त दाबाचे झाकण बसवले की जुन्या पाइपांवर आणि रेडिएटरच्या शिवणीवर भार येतो.

प्रेशर टेस्ट म्हणजे काय, आणि ती मागावी का?

मागावीच. थंड इंजिनवर झाकणाच्या जागी हातपंप आणि मीटर असलेले साधन बसवतात, झाकणावरील आकड्याइतका दाब भरतात आणि दहा-पंधरा मिनिटे काटा पाहतात. काटा स्थिर राहिला तर बाहेरची गळती नाही. काटा उतरला तर कुठून तरी कुलंट निसटते आहे आणि दाबाखाली ती जागा बहुधा डोळ्यांना दिसते. ही चाचणी इंजिन सुरू न करता होते, त्यामुळे मालकाला शेजारी उभे राहून पाहता येते. गळती फारच बारीक असेल, तर कुलंटमध्ये चमकणारा रंग घालून काही दिवस गाडी चालवायला देतात आणि मग अतिनील दिव्याखाली तपासतात. या तपासण्यांसाठी काही रक्कम आकारली गेली तर ती वाजवी समजावी. मात्र तीच दुरुस्ती तिथेच करून घेतल्यास ती रक्कम बिलातून वजा होणार का, हे आधी विचारून ठेवावे.

‘गॅस्केट उडाले आहे’ असे सांगितले. खात्री कशी करावी?

या एका वाक्यावर बिलाचा आकडा एकदम अनेक पटींनी वाढतो, म्हणून इथे घाई करू नये. आधी चाचणी मागावी: कुलंटच्या टाकीवर एक नळी धरून तिच्यात निळे द्रावण ठेवतात आणि इंजिन चालू करून टाकीतील हवा त्यातून खेचतात. ज्वलनाचे वायू कुलंटमध्ये मिसळत असतील, तर निळे द्रावण पिवळे पडते. थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरातच वरचा होज पाइप दगडासारखा कडक होणे आणि टाकीत सतत बुडबुडे येणे हीदेखील लक्षणे आहेत; मात्र नुकतेच कुलंट भरले असेल तर बुडबुडे अडकलेल्या हवेचेही असू शकतात.

ऑइलच्या झाकणाखाली दिसणारा पांढरट, लोण्यासारखा थर पाहून अनेकांची पाचावर धारण बसते. पावसाळ्यात रोज दोन-तीन किलोमीटरच गाडी चालवणाऱ्यांच्या झाकणाखाली बाष्पामुळेही असा थर जमतो. डिपस्टिकवरील (ऑइलची पातळी पाहण्याच्या पट्टीवरील) ऑइल स्वच्छ असेल, तर नुसत्या त्या थरावरून निष्कर्ष काढू नये. तसेच कुलंटमध्ये तेल दिसले म्हणजे गॅस्केटच गेले असेही नाही. ऑइल कुलरचे सील फुटले तरी तेल कुलंटमध्ये येते, आणि ते काम हेड उघडण्यापेक्षा कितीतरी लहान असते.

गॅस्केट खरोखरच गेले असेल, तर एस्टिमेटमध्ये हेड सपाट आहे का ते तपासणे, गरज पडल्यास फेसिंग (पृष्ठभाग मशीनवर सपाट) करणे, आणि ज्या इंजिनांचे हेड बोल्ट एकदाच वापरायचे असतात तिथे नवे बोल्ट घालणे या बाबी दिसायला हव्यात. फक्त ‘गॅस्केट आणि मजुरी’ असे दोन ओळींचे एस्टिमेट स्वस्त दिसते, पण वाकडे हेड तसेच बसवले तर ते काम टिकत नाही.

घाटात किंवा ट्रॅफिकमध्ये तापमानाचा काटा लाल पट्टीकडे गेला तर?

एसी बंद करावा, हीटर पूर्ण गरमवर आणि पंखा जोरात करावा, आणि सुरक्षित जागा मिळताच गाडी बाजूला घ्यावी. वाफ दिसली किंवा लाल दिवा लागला, तर इंजिन तत्काळ बंद करावे. घाटमाथा आता दोन किलोमीटरवर आहे म्हणून रेटू नये. ॲल्युमिनियमचे हेड वाकायला तेवढे अंतर पुरते. झाकणाला किमान अर्धा-पाऊण तास हात लावू नये आणि तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतू नये. एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही: कुलंट जवळजवळ संपले असेल, तर तापमानाचा सेन्सर कोरडा पडतो आणि काटा उलट खाली येऊ शकतो. वाफ येत असताना काटा खाली आला, तर तो दिलासा समजू नये.

कुलंटऐवजी पाणी टाकून चालते का?

गॅरेजपर्यंत पोहोचायला चालते. कायमचे चालत नाही, कारण कुलंटमधील गंजरोधक घटक पातळ होतात, उत्कलनबिंदू खाली येतो आणि बोअरच्या जड पाण्यातील क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत साठतात. भरायचेच असेल तर बॅटरीसाठी मिळणारे डिस्टिल्ड वॉटर वापरावे. कुलंट निवडताना रंग जुळवू नये. रंगाला कोणतेही सर्वमान्य प्रमाण नाही. गाडीच्या पुस्तिकेत दिलेला प्रकार पाहून तेच घ्यावे.

रेडिएटरमध्ये हळद किंवा लीक-स्टॉप टाकावे का?

हळदीचा उपाय ट्रकचालकांत जुना आहे आणि रानात अडकल्यावर त्याने वेळ मारून नेता येते हे खरे. पण जे कण छिद्र बुजवतात तेच हीटरच्या आणि रेडिएटरच्या नळ्याही बुजवतात, आणि पुढच्या मेकॅनिकला निदान करणे अवघड होते. बाजारातील लीक-स्टॉपचे, म्हणजे गळती बुजवणाऱ्या तयार मिश्रणाचेही तेच. चालत्या गाडीत, गॅरेज हाताशी असताना, दोन्ही टाळावीत. एखाद्या गॅरेजने दुरुस्ती म्हणून लीक-स्टॉप टाकून पैसे घेतले, तर ती दुरुस्ती मानू नये.

एस्टिमेट हातात आले. त्यात काय पाहावे?

पहिली गोष्ट: गळतीची जागा लेखी आहे का? ‘कूलिंग सिस्टिमचे काम’ असे मोघम लिहिलेले असेल, तर जॉब कार्डवर (गॅरेजच्या कामाच्या नोंदीच्या कागदावर) भागाचे नाव आणि ते कसे तपासले हे लिहून घ्यावे. मग प्रत्येक ओळ स्वतंत्र पाहावी.

उदाहरणादाखल काल्पनिक आकडे घेऊ. रेडिएटर ६,८०० रुपये, दोन होज पाइप १,४५०, झाकण ३५०, कुलंट १,२००, मजुरी २,५०० आणि ‘कन्झ्युमेबल्स’ (कामात खर्च होणारे किरकोळ साहित्य) ६००. बेरीज १२,९००, त्यावर १८ टक्के जीएसटी २,३२२, एकूण १५,२२२ रुपये. वरवर सगळे ठीक दिसते. आता विचारायचा प्रश्न असा की, भागांचे आकडे कराआधीचे आहेत की खोक्यावरील एमआरपी आहेत? एमआरपीमध्ये सर्व कर समाविष्ट असतात. पहिल्या चार ओळी एमआरपीच्या असतील, तर त्यांच्या ९,८०० रुपयांवर पुन्हा कर लावून १,७६४ रुपये जादा घेतले जात आहेत. नव्या भागाचे खोके पाहायला मागणे हा ग्राहकाचा हक्क आहे, संशयीपणा नव्हे.

२२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे. त्याआधी अनेक भागांवर तो २८ टक्के होता. दुरुस्तीच्या मजुरीवरही १८ टक्केच आहे. जुन्या दराने बनवलेले एस्टिमेट मिळाले तर निदर्शनास आणून द्यावे. ज्या गॅरेजची जीएसटी नोंदणी नाही, त्याला कर आकारता येत नाही. कराची ओळ असेल तर बिलावर पंधरा अक्षर-अंकांचा नोंदणी क्रमांकही हवा.

मजुरीत दुहेरी मोजणी पाहावी. रेडिएटर काढायचा तर कुलंट काढावेच लागते, म्हणून ‘कुलंट ड्रेन-रिफिल’ची मजुरी त्याच कामात वेगळी लावणे पटण्यासारखे नाही. कुलंटचे प्रमाणही मोजावे: लहान गाडीत पूर्ण सिस्टिमला साधारण चार ते सहा लिटर लागते, आणि एक लिटर कॉन्सन्ट्रेटमध्ये (पाणी न मिसळलेल्या कुलंटमध्ये) तितकेच किंवा त्याहून जास्त पाणी मिसळतात. चार लिटर जागेसाठी चार लिटर कॉन्सन्ट्रेट लावले असेल, तर चूक कुणाची का असेना, ती दुरुस्त करून घ्यावी. फ्लशिंग (सिस्टिम आतून धुणे) ही ओळ कुलंट गंजकट किंवा तेलकट झाले असेल तरच योग्य.

रेडिएटर दुरुस्त होतो की बदलावाच लागतो?

जुन्या तांब्या-पितळेच्या रेडिएटरला डाख देऊन वर्षानुवर्षे चालवता येत असे. ॲल्युमिनियम-प्लॅस्टिकच्या रेडिएटरचे तसे नाही. शिवणीतून गळत असेल तर नवाच घालणे शहाणपणाचे. एपॉक्सीचा लेप तात्पुरता समजावा.

वॉटर पंपासोबत टायमिंग बेल्टही बदलायला सांगतात. ही फसवणूक आहे का?

बहुधा नाही. ज्या इंजिनात वॉटर पंप टायमिंग बेल्टवरच फिरतो, तिथे पंपापर्यंत पोहोचायला बेल्ट उतरवावाच लागतो, म्हणून दोन्ही एकदम बदलल्यास मजुरी एकदाच पडते. मात्र टायमिंग चेन असलेल्या आणि पंप बाहेरच्या पट्ट्यावर फिरणाऱ्या इंजिनासाठी हाच सल्ला मिळाला, तर कारण विचारावे.

कंपनीचे सर्व्हिस सेंटर बरे की ओळखीचे गॅरेज?

वॉरंटीतली गाडी सर्व्हिस सेंटरलाच न्यावी. त्यानंतर होज पाइप, झाकण, थर्मोस्टॅट किंवा रेडिएटर ही कामे चांगला स्वतंत्र मेकॅनिक तितकीच नीट आणि सहसा कमी मजुरीत करतो. दोन एस्टिमेटची तुलना करताना एकात ओरिजिनल भाग आणि दुसऱ्यात लोकल भाग असेल, तर ती तुलनाच चुकीची ठरते. आधी भागाचा ब्रँड आणि त्यावरील हमी लिहून घ्यावी. दुसरे मत घ्यायला जाताना पहिल्या गॅरेजचा आकडा सांगू नये, फक्त लक्षणे सांगावीत.

विम्यातून खर्च मिळेल का?

झीज किंवा यांत्रिक बिघाडामुळे झालेल्या गळतीचा खर्च नेहमीच्या पॉलिसीत मिळत नाही. अपघातात किंवा दगड लागून रेडिएटर फुटला, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे कवच असल्यास दावा करता येतो. पण फुटलेला रेडिएटर घेऊन गाडी तशीच चालवली आणि त्यामुळे इंजिन जाम झाले, तर इंजिनाचा दावा नाकारला जाण्याची शक्यता मोठी असते. टोइंग बोलवावे.

गाडी ताब्यात घेताना काय तपासावे?

दुरुस्तीनंतरही प्रेशर टेस्ट समोर करून घ्यावी. बदललेला जुना भाग परत मागावा आणि त्यावर तडा किंवा खपली खरोखर आहे का ते पाहावे. इंजिन रेडिएटरचा पंखा दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत चालवावे, हीटर लावून गरम हवा येते का ते पाहावे. ती आली नाही तर आत हवा अडकलेली असू शकते. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनवर पातळी पाहून पुन्हा चिकटपट्टी लावावी.

पंधरा दिवसांत तीच गळती पुन्हा सुरू झाली तर?

आधी त्याच गॅरेजकडे बिल, जॉब कार्ड आणि पुठ्ठ्यावरच्या डागाचा तारखेसह फोटो घेऊन जावे आणि तक्रार लेखी द्यावी. व्हॉट्सॲपवरचा संदेशही लेखीच आहे. बसवलेलाच भाग गळत असेल, तर मजुरी पुन्हा देण्याचे कारण नाही. दुसरीच जागा गळत असेल, तर प्रकरण वेगळे असते: जुन्या सिस्टिममध्ये एक कच्चा दुवा बदलला की दाब नीट धरला जातो आणि पुढचा कच्चा दुवा उघडा पडतो, त्यात गॅरेजचा दोष नसतो. दाद मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग आहे, आणि तिथे पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारातील तक्रारीला शुल्क नाही.